कोऱ्या नोंदीचा दाखला

महाराष्ट्रात ज्याला आपण 'चारित्र्य पडताळणी' म्हणतो, त्या कागदात चारित्र्याबद्दल एक अक्षरही नसते. पोलीस ठाण्याच्या दप्तरात अमुक नावापुढे काही लिहिलेले सापडले नाही, एवढेच तो सांगतो. माणूस शब्दाचा पक्का आहे की नाही, घरच्यांशी कसा वागतो, देणी फेडतो की बुडवतो, यांपैकी काहीही ठाण्याला ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भाषेत या कागदाला 'पीनल क्लिअरन्स' म्हणतात, कॅनडात नुसते 'पोलीस सर्टिफिकेट'. ही नावे रुक्ष आहेत, पण आपल्या नावापेक्षा खरी आहेत. नागरिकत्वाच्या अर्जाला हा दाखला जोडायला सांगतात तेव्हा प्रश्न काय विचारला जातो आणि उत्तर कशाचे येते, हे पाहायला कॅनडाइतके चांगले उदाहरण नाही. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागांतल्या अनेक मराठी घरांतून हा अर्ज भरला गेला आहे, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की, तिथल्या कायद्याने 'चारित्र्य' हा शब्द एकदा विचारपूर्वक टाकून दिला होता.

१ जानेवारी १९४७ रोजी कॅनडाचा पहिला नागरिकत्व कायदा अमलात आला. अर्जदार सच्चारित्र्याचा असावा, अशी त्यात अट होती. सच्चारित्र्य म्हणजे काय, हे ठरवणे निर्णय देणाऱ्याच्या हाती होते. व्याख्या नसलेला असा शब्द कायद्यात असला की निर्णय देणाऱ्याच्या आवडीनिवडी, धर्मभावना, परक्याविषयीचा संशय, सारे त्या शब्दाच्या आडोशाने आत येऊ शकते. १९७७ साली नवा कायदा लागू झाला आणि ही अट गेली. तिच्या जागी मोजता येतील अशा मनाया आल्या: शिक्षा भोगत असताना किंवा गंभीर वर्गातल्या गुन्ह्याचा खटला चालू असताना नागरिकत्व मिळणार नाही, आणि अशा गुन्ह्यात अलीकडे दोषी ठरलेल्याला ठरावीक मुदत थांबावे लागेल. माणसाला जोखण्याचे सोडून कृत्याची नोंद पाहण्याचा हा निर्णय मला त्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. २०१४च्या दुरुस्तीने या मनाया कॅनडाबाहेरच्या गुन्ह्यांनाही लागू केल्या. जे कृत्य कॅनडात घडले असते तर गंभीर गुन्हा ठरले असते, त्याबद्दल अर्जाआधीच्या चार वर्षांत परदेशात दोषी ठरलेल्याला आता नागरिकत्व मिळत नाही. परदेशी पोलिसांचा दाखला मागण्याला कायद्याचे बळ आहे ते यामुळे. माझे म्हणणे असे की, दाखला मागणे योग्यच आहे, पण तो १९७७च्या भूमिकेला धरून मागितला आणि वाचला पाहिजे. आजची रचना दोन ठिकाणी ती भूमिका सोडते.

पहिले ठिकाण दाखल्याच्या भाषेत आहे. कायद्याचा प्रश्न स्पष्ट आहे: दोषी ठरला आहे का, खटला चालू आहे का? उत्तर मात्र देशोदेशीचे पोलीस आपापल्या सवयीने देतात. ब्रिटनच्या दाखल्यात शिक्षांबरोबर पोलिसांनी दिलेल्या ताकिदीही येतात. काहीच नसेल तर 'नो ट्रेस' असा शेरा असतो, आणि जुनी नोंद आहे पण आता ती उघड करण्याजोगी राहिलेली नाही अशा वेळी 'नो लाइव्ह ट्रेस'. म्हणजे 'लाइव्ह' या एका शब्दावरून जाणकार वाचकाला कळते की, पूर्वी कधीतरी काहीतरी घडले होते. अमेरिकेच्या एफबीआयचा उतारा बोटांच्या ठशांवरून निघतो आणि त्यात अटकही दिसते, मग पुढे दोष सिद्ध होवो वा न होवो. भारताचा दाखला तर वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा आशय असा असतो की, अमुक देशाचा व्हिसा किंवा प्रवासाची सोय मिळण्यास अपात्र ठरवील अशी प्रतिकूल माहिती या व्यक्तीविरुद्ध नोंदीत नाही. दोषसिद्धीचा त्यात उल्लेख नसतो. 'प्रतिकूल माहिती' या शब्दांत किती काय मावते, याचा विचार करावा. गुन्ह्याची पहिली खबर, म्हणजे एफआयआर, हा केवळ आरोप असतो. भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू एकमेकांविरुद्ध फिर्याद देतात, हे आपल्याकडे कुठल्याही तालुक्याला माहीत आहे. दोषारोपपत्र दाखल होणे ही पुढची पायरी, न्यायालयाने आरोप निश्चित करणे त्यापुढची, आणि शिक्षा सर्वांत शेवटची. कॅनडाचा कायदा या पायऱ्यांमध्ये फरक करतो. आपला दाखला त्या सगळ्या एकाच शब्दात गुंडाळतो, आणि ठाण्याचा अहवाल प्रतिकूल आला की कोणत्या पायरीमुळे गाडी अडली हे परदेशी अधिकाऱ्याला कागदावरून उमगत नाही.

दुसरे ठिकाण दिवसांच्या हिशेबात आहे. अर्जाआधीच्या चार वर्षांत कॅनडाखेरीज एखाद्या देशात सलग १८३ किंवा अधिक दिवस राहिला असाल तर त्या देशाचा दाखला द्या, असा नियम आहे. त्याच अर्जासाठी आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहावे लागते, म्हणजे सुमारे ७३० दिवस बाहेर काढता येतात. आता दोन अर्जदार शेजारी ठेवून पाहू. एक जण व्यवसायासाठी दर खेपेस १८२ दिवस याप्रमाणे चार वेळा भारतात जातो. त्याचे ७२८ दिवस झाले, आणि नियमाप्रमाणे दाखल्याची गरज नाही. दुसरी आईच्या आजारपणात एकदाच पुण्याला येते, १९० दिवस राहते, दिवसकार्य आटोपून परतते. तिला दाखला आणावा लागतो. परदेशात गुन्ह्याची नोंद झाली असण्याचा संभव राहिलेल्या दिवसांबरोबर वाढतो असे मानले, तर नियमाने नेमकी उलटी व्यक्ती निवडली. सलग मुक्काम बहुधा कोण करते? आजारी आईबापांजवळ राहणारी, बाळंतपणाला माहेरी आलेली, घराच्या वाटण्यांसाठी थांबलेली माणसे. यावर उत्तर दिले जाईल की, सलग मुक्काम पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून सहज कळतो, तुकडे जोडत बसणे किचकट असते. हे उत्तर टिकत नाही, कारण १,०९५ दिवस सिद्ध करण्यासाठी अर्जदार आपल्या प्रत्येक फेरीच्या तारखा आधीच भरून देतो. बेरीज करायला लागणारे सगळे आकडे अर्जातच असतात. ऑस्ट्रेलिया अशी बेरीज करते: स्थायी निवास मिळाल्यावर देशाबाहेर एकूण बारा महिने किंवा जास्त काळ गेला असेल आणि त्यात एखाद्या देशात ९० दिवसांहून अधिक, तर त्या देशाचा दाखला. हे जाळे मोठे आहे, जास्त लोक त्यात येतात, हे खरे. पण ते प्रवासाची ठेवण बघत नाही, मुक्कामाचे प्रमाण बघते.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. देशाचा सभासद करून घेताना शंकेला जागा का ठेवायची, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण दाखला हा एकटा पहारेकरी नाही. अर्जदाराची तपासणी कॅनडाचे संघीय पोलीस आणि गुप्तवार्ता सेवा स्वतंत्रपणे करतात, गरज पडल्यास बोटांचे ठसे मागवले जातात. दाखला फक्त एक कोपरा उजळतो, जिथे कॅनडाच्या पोलिसांचा हात पोचत नाही असा परदेशी ठाण्याच्या दप्तराचा कोपरा. तेवढ्यासाठी तो हवाच. मात्र तो न मिळाला तर त्यातून माणसाविषयी काही सिद्ध होत नाही. काबूलमधून जीव वाचवून आलेल्याने तिथल्या सत्तेकडे पत्र मागावे, ही अपेक्षा क्रूर ठरेल. कॅनडाच्या अर्जात दाखला का मिळत नाही हे लिहायला जागा ठेवली आहे, आणि त्या चार ओळींचे मोल मी दाखल्याइतकेच मानतो.

आणखी एक गोष्ट या विषयात मला सारखी टोचते. जन्माने नागरिक असलेल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांनी लिस्बनला जन्मनोंद केली की पोर्तुगीज कायदा त्यांना मूळचेच नागरिक धरतो, आणि वर्तनाचा मुद्दा मध्ये येत नाही. बाहेरून येऊन तेच नागरिकत्व मागणाऱ्यासाठी मात्र तुरुंगवासाच्या शिक्षेची मर्यादा घातलेली आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अर्जदार सच्चारित्र्याचा असावा ही जुनी अट आजही आहे, आणि २०२४च्या नियमांत एका भारतीय नागरिकाने अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल शपथपत्र द्यावे असे म्हटले आहे. शेजाऱ्याची साक्ष पोलिसांच्या नोंदीपेक्षा माणुसकीची वाटते खरी, पण ज्याला ओळखदेख नाही त्या गरीब अर्जदाराने साक्षीदार आणायचा कुठून? नोंद निदान ओळखीवर चालत नाही.

म्हणून सुधारणा नोंदीच्या भाषेतच करायला हवी, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या बाजूचा आहे. २०२२च्या सप्टेंबरपासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमध्येही हा दाखला मागता येतो, शुल्क ५०० रुपये आहे. ठाण्यांच्या नोंदी जोडणारे सीसीटीएनएस जाळे २००९मध्ये मंजूर झाले. वाट सोपी झाली, पण कागदावरचे वाक्य जुनेच राहिले. त्या एका वाक्याऐवजी तीन ओळी पुरतील: कोणत्या न्यायालयात दोषसिद्धी आहे की नाही, कोणत्या न्यायालयात दोषारोपपत्र प्रलंबित आहे की नाही, आणि ही नोंद कोणत्या तारखेपर्यंत, कोणकोणत्या जिल्ह्यांत तपासली. मग नोव्हा स्कोशियातल्या सिडनीच्या केंद्रात कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज उघडणाऱ्या अधिकाऱ्याला सातारच्या माणसाविषयी तेवढेच कळेल, जेवढे त्याच्या कायद्याने विचारले आहे.