एक अर्धविराम आणि घरचा राउटर

घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'पिंग टेस्ट'चा चौकोन तुम्ही कधीतरी पाहिला असेल. त्यात पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, की तिथपर्यंत नेट पोचतंय का ते कळतं. कमांड इंजेक्शन समजून घ्यायला हा चौकोन पुरेसा आहे.

बहुतेक घरगुती राउटर म्हणजे आतून छोटे लिनक्स संगणकच. या पानामागचा प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिला असेल, तर तो 'पिंग' या शब्दाला तुमचा पत्ता चिकटवतो आणि ती अख्खी ओळ शेलच्या हाती देतो. तुम्ही ८.८.८.८ लिहिलंत तर काहीच बिघडत नाही. पण कुणी '८.८.८.८; रीबूट' असं लिहिलं तर? शेलच्या दृष्टीने अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, पुढे दुसरी. तो पिंग करतो आणि मग राउटर रीबूट करतो. शेलची यात काहीच चूक नाही. प्रोग्रॅमरची आज्ञा कुठे संपते आणि बाहेरून आलेला मजकूर कुठे सुरू होतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात हे सगळं बऱ्याचदा रूटच्या अधिकाराने चालतं.

आता एक खरं उदाहरण बघू. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमध्ये असाच दोष होता (सीव्हीई-२०२३-१३८९). चौकोन पिंगचा नव्हता, 'देश' निवडायचा होता. देशाचं नाव म्हणून पाठवलेला मजकूर न तपासता आज्ञेत मिसळला जायचा, आणि तेही लॉगिन न करता. डिसेंबर २०२२ मध्ये टोरंटोच्या प्वोनटूओन स्पर्धेत हा दोष दाखवला गेला. मार्च २०२३ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली. तरी एप्रिलमध्ये मिराई बॉटनेट हाच दोष वापरून राउटर ताब्यात घेताना दिसलं. कारण साधं आहे: दुरुस्ती निघाली म्हणजे ती घरोघरच्या राउटरमध्ये पोचली असं होत नाही.

उपाय काय? पहिला विचार येतो तो अर्धविराम गाळून टाकण्याचा. पण शेलकडे पाइप आहे, अँपरसँड आहे, बॅकटिक आहे, नवी ओळ आहे. नको त्यांची यादी करायला गेलात तर एखादं राहतंच. त्यापेक्षा हवं तेवढंच स्वीकारा: देशाचा कोड दोन अक्षरी असेल, तर दोन अक्षरंच घ्या. आणि शेलला मधे न घेता प्रोग्रॅम थेट चालवा, प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळं देऊन. तरीही सावध राहा. मजकुराची सुरुवात '-' ने झाली, तर तोच प्रोग्रॅम त्याला पर्याय समजू शकतो.

मग यात संशोधन कुठे आहे? दोष तर जुनाच आहे. प्रश्न असा, की सोर्स कोड हातात नसताना हजारो फर्मवेअरमध्ये तो शोधायचा कसा? २०२१ च्या युजनिक्स सिक्युरिटीमधला सॅटसी हा पेपर यासाठी जरूर वाचा. त्यांची कल्पना छान आहे: वेबपानावरच्या चौकोनाला जे नाव असतं, तेच नाव सहसा आतल्या बायनरीतही सापडतं. ते नाव धरून आत शिरायचं आणि तो मजकूर आज्ञा चालवणाऱ्या फंक्शनपर्यंत पोचतो का, याचा माग काढायचा.

वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: डेटा नेमका कुठे आज्ञा बनला? ती ओळ दाखवता आली तर दोष तुम्हाला समजला. नुसता हल्ला करून दाखवता आला, तर अजून अर्धंच समजलंय.

आणि प्रयोग स्वतःच्या राउटरवर किंवा एम्युलेटरमध्येच करा. शेजाऱ्याचं वायफाय ही तुमची प्रयोगशाळा नाही. काही सापडलंच, तर आधी गाइडला आणि कंपनीला कळवा, पेपर त्यानंतर.