बीअर केव्हा मुरते?

रात्री वाटून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगून वर येते आणि लवकरच संपवावे लागते. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढले की आंबू लागते, आणि तिची झालेली ताडीही दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेला लागलेली असते. आंबवलेल्या पदार्थांशी आपला परिचय बहुधा असा एका रात्रीचा असतो. बीअर मात्र या बाबतीत लोणच्याच्या अधिक जवळची आहे. ती आंबते लवकर, पण मुरते सावकाश. आणि या दोन क्रिया एकच आहेत असे समजणे ही नवशिक्याची पहिली चूक होय.

दारू ‘गाळली’ जाते, असा आपल्याकडे शब्दप्रयोग आहे. बीअरला तो लागू पडत नाही. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड रस हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह तासभर उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. साखरेपासून यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करते. पहिले दोनतीन दिवस पिंपात मोठी धामधूम चालते, फेस काठापर्यंत येतो. आठवड्याच्या अखेरीस सारे शांत होते. मोह पडतो तो येथेच. अल्कोहोल तयार झालेले आहे, मग थांबायचे कशासाठी?

थांबायचे ते यीस्टने केलेला पसारा यीस्टनेच आवरावा म्हणून. किण्वनाच्या घाईत काही अनिष्ट द्रव्येही तयार होतात. अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे बीअरला कच्च्या सफरचंदासारखा वास येतो, तर डायअ‍ॅसिटिलमुळे लोण्यासारखा. यांपैकी दुसऱ्याची रीत मोठी फसवी आहे. यीस्ट प्रथम त्याचे एक बिनवासाचे पूर्वरूप बाहेर टाकते. त्यापासून डायअ‍ॅसिटिल आपोआप, पण हळूहळू बनते. आणि मग जिवंत यीस्ट ते पुन्हा शोषून घेऊन निरुपद्रवी करते. म्हणजे आज निर्दोष वाटणाऱ्या बीअरमध्येच उद्याचा दोष दडलेला असू शकतो. जाणकार म्हणूनच एक सोपी परीक्षा घेतात. थोडी बीअर झाकणाच्या भांड्यात घालून ती भांडे गरम पाण्यात ठेवून सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत अर्धा तास तापवायची, थंड करायची आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगायची. लोण्याचा वास आला तर यीस्टचे काम अजून संपलेले नाही.

किण्वन खरोखर संपले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये. त्यासाठी हायड्रोमीटर लागतो. रसाचे विशिष्ट गुरुत्व आरंभी १.०५० असले तर ते १.०१० च्या आसपास येऊन थांबते, आणि अल्कोहोलचे प्रमाण सुमारे सव्वापाच टक्के होते. लागोपाठ दोनतीन दिवस आकडा हलला नाही, तरच बीअर बाटलीत भरावी. हा नियम केवळ चवीचा नव्हे. वायू यावा म्हणून बाटलीत भरताना दर लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात आणि बूच लावतात. एक ग्रॅम साखरेपासून जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो आणि बंद बाटलीत त्याला जायला वाट नसते. आधीची साखर शिल्लक असताना बाटली भरली, तर ती हातात फुटू शकते, आणि काचेचे तुकडे डोळ्यांत जाण्याचा धोका खराच असतो. बाटलीतील वायू तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. शिवाय तो द्रवात नीट विरघळावा म्हणून दोन दिवस थंडावा द्यावा लागतो. साध्या बीअरचा हिशेब असा साधारण एक महिन्याचा होतो.

हे काम उष्णतेने लवकर उरकेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा सौम्य मानली जाते. तरीही घरातील तापमान बऱ्याचदा २५ अंशांच्या पुढे असते. आंबणारा रस स्वतःही उष्णता निर्माण करतो व खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक तापतो. एलच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश मानवतात. त्याहून वर गेले की किण्वन तीन दिवसांत आटोपते खरे, पण जळजळीत चवीची जड अल्कोहोले तयार होतात आणि ती मुरवल्याने नाहीशी होत नाहीत. कच्चेपणा काळ दूर करतो. उष्णतेने केलेली हानी नव्हे.

लागर बीअरला तर ८ ते १२ अंशांत आंबवून पुढे कित्येक आठवडे शून्याच्या आसपास ठेवावे लागते. तिच्या जर्मन नावातच साठवणीचा अर्थ आहे. बव्हेरियात १५५३ च्या आज्ञेनुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करण्यास बंदी होती, ती उन्हाळ्यात बिघडते म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक शीतकरण आले, तेव्हाच लागरची हिवाळ्यापासून सुटका झाली. बंगळूरच्या छावणीत, म्हणजे १८०९ मध्ये वसलेल्या कॅन्टोन्मेंटमध्ये, गोऱ्या सैनिकांची तहान मोठी होती. विलायतेहून येणारी बीअर कित्येक महिने जहाजात मुरूनच भारताच्या किनाऱ्याला लागे. पुढे दक्षिणेतच बीअर होऊ लागली, आणि १९१५ मध्ये टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थांनी पाच कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली.

सगळीच बीअर मुरवायची असते असे मात्र नाही. गव्हाची गढूळ बीअर दोनतीन आठवड्यांत उत्तम लागते. तिचा केळ्यासारखा सुगंध पुढे उतरत जातो. हॉप्सचा दरवळ हेच जिचे वैभव, ती बीअरही ताजीच प्यावी. उलट, आठ-दहा टक्के अल्कोहोलच्या काळ्या, जड बीअरला सहा महिनेही कमी पडतात.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने अशी मोकळीक दिली. कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. तेव्हा तेथील हौशी माणसाने हे शास्त्र घरी अजमावणे बेकायदेशीर ठरते. ते पाहायला मिळते ते २०१० नंतर इंदिरानगर, लव्हेल रोड, व्हाइटफील्ड अशा भागांत निघालेल्या, परवानाधारक लहान कारखान्यांच्या उपाहारगृहांत. तेथे काचेपलीकडे चकचकीत टाक्या दिसतात. टाकी एकच, पण तीत लागर केली तर पाच-सहा आठवडे अडकते. तेवढ्याच काळात गव्हाच्या बीअरचे दोन-तीन घाणे निघतात. शनिवारच्या गर्दीला पुरे पडायचे असते आणि टाकीचे भाडे कुणी देत नाही. अशा वेळी लागर पंधराव्या दिवशीच नळाला लावण्याचा मोह मालकाला पडला, तर पेल्यातील लोण्याचा वास ते लगेच उघड करतो.