चंदू पंडितांची सहा रणजी विजेतेपदं

२६ जून २०२२. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि साठी ओलांडलेल्या प्रशिक्षकाला रडू आवरेना. खेळाडूंनी त्यांना उचलून घेतलं. याच मैदानावर १९९९ साली हेच प्रशिक्षक, चंद्रकांत पंडित, रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही शेवटच्या डावात संघ १५० धावांत कोसळला, कर्नाटक जिंकलं. ती सल त्यांनी तेवीस वर्षं जपली होती.

पंडित रमाकांत आचरेकरांच्या तालमीतले. यष्टिरक्षक-फलंदाज, पण किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक संघात असल्यावर जागा मिळणार किती? पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने, एवढीच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरचा उपांत्य सामनाही ते खेळले, तो वेंगसरकर आजारी पडले म्हणून. सतत बदली म्हणून खेळलेल्या माणसाला संघातल्या पंधराव्या खेळाडूचं मन कळतं, असं मला ठामपणे वाटतं.

बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक संघाचा गणवेश घालून बसतो आणि गोलंदाज कधी बदलायचा तेही तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये मैदानावर हुकूम कर्णधाराचा. त्यामुळे प्रशिक्षकाची खरी कमाई सामन्याआधीच्या महिन्यांतली. पंडितांनी ते महिने कडक शिस्तीने वापरले. त्यांच्या हाताखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी जिंकली. मुंबईला जिंकायची सवय होतीच, म्हणून त्या तीन विजेतेपदांवर मी फार रेंगाळत नाही.

खरी परीक्षा विदर्भाची. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा हा संघ कधी अंतिम फेरीही गाठू शकला नव्हता. २०१७ मध्ये पंडित नागपुरात आले. फैज फजल कर्णधार, सोबतीला अनुभवी वसीम जाफर. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याच गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. खेळाडू बहुतेक तिथलेच, मैदानं तीच. बदलला होता तो सराव आणि स्वतःकडून ठेवलेली अपेक्षा.

पुढे २०२४ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली. तरी माझ्या लेखी विदर्भच मोठा.

आता आपल्या रायगडचं बोलू. काशीदच्या वाळूत टेनिस चेंडूने खेळणाऱ्या पोराला मुंबई जवळची वाटते, पण रणजीत आपला जिल्हा मोडतो महाराष्ट्राच्या संघात. त्या संघाने रणजी शेवटची जिंकली १९४०-४१ मध्ये! त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे अंतिम सामने गाठले आणि हरले. गुणवत्ता नाही असं कोण म्हणेल? निवृत्त रणजीपटूंनी अलिबाग-मुरूडकडे यावं, पावसाळा सरला की लेदरच्या चेंडूचा सराव सुरू करावा आणि जिल्हा संघटनेने त्यांना निदान चार-पाच वर्षं सलग काम करू द्यावं.