मशीन बिघडलंय की वीज कमी पडतेय? दोन आकडे मोजा, उत्तर मिळेल



गोष्ट मागच्या लग्नसराईतली. शेवगावात माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आणि घरामागच्या शेडमध्ये पत्रावळीचं मशीन आहे. एका आचाऱ्याने अर्धा माल परत आणला. ताटांच्या कडा नीट बसल्या नव्हत्या, भात वाढला की ताट सपाट! गंमत म्हणजे दुपारी काढलेला माल टणक होता, संध्याकाळचाच फसला होता.

मेकॅनिक म्हणाला, "दादा, हीटर गेलेत, दोन्ही नवे टाका." मी पैसे काढायच्या तयारीत होतो. बीबीए केल्यामुळे ताळेबंद वाचता येतो, पण मशीनच्या पाटीवरचे आकडे मी कधी वाचलेच नव्हते. त्या दिवशी वाचले: 230 व्होल्ट, हीटर 2000 वॅट (1000 चे दोन).

आधी हिशोब समजून घ्या

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तिचा प्रवाह आणि ओहम म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजेच रोध. सूत्रं दोनच:

वॅट = व्होल्ट × अँपिअर
ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर

दुसरं सूत्र जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने 1827 मध्ये मांडलं. आज ते आपल्या पत्रावळीच्या धंद्यात कामी येतं.

पाटीवरून: 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. आणि 230 ÷ 8.7 = साधारण 26.4 ओहम. धडधाकट हीटरचा रोध एवढाच असायला हवा.

मग मोजलं

ओळखीच्या वायरमनला संध्याकाळी बोलावलं. मोटर बंद, फक्त हीटर चालू. (मोटरला नुसतं व्होल्ट × अँपिअर चालत नाही, पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं. हीटरला ती भानगड नाही.) मल्टिमीटरवर 190 व्होल्ट आले, क्लॅम्प मीटरवर 7.2 अँपिअर. क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकच वायर धरायची. दोन्ही एकत्र धरल्या तर तो शून्य दाखवतो.

190 ÷ 7.2 = 26.4 ओहम. म्हणजे हीटर ठणठणीत! दोनपैकी एक गेला असता तर हाच आकडा दुप्पट, म्हणजे 53 च्या आसपास आला असता.

आता पॉवर: 190 × 7.2 = 1368 वॅट. 2000 ची ताकद 1368 वर आली होती. दाब 17 टक्के कमी झाला, पण ताकद 32 टक्के घटली. कारण दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो, आणि दोन्ही कमी झालेले आकडे एकमेकांना गुणले जातात. एक ताट निघाल्यावर डाय पुन्हा तापायला जास्त वेळ लागत होता, आणि आमचा मुलगा मात्र दुपारच्याच वेगाने मशीन मारत होता.

चोर घरातच निघाला

वायरमनने त्याच वेळी घराच्या मीटरपाशी मोजलं: 208 व्होल्ट. मीटरपासून मशीनपर्यंत येताना 18 व्होल्ट गायब! शेडपर्यंत 50 मीटर वायर मीच ओढली होती, तीही स्वस्त म्हणून 0.75 स्क्वेअर एमएमची. 18 ÷ 7.2 = 2.5 ओहम, हा त्या वायरचा रोध. आणि 18 × 7.2 = जवळपास 130 वॅट नुसती वायर तापवण्यात जात होते. त्याचंही बिल मीच भरत होतो, आणि आग लागायचा धोका वेगळाच.

स्टॅबिलायझर बसवला असता तर? तर 2000 वॅट देण्यासाठी त्याच बारीक वायरमधून 11 अँपिअरच्या आसपास प्रवाह गेला असता. वायर आणखी तापली असती. म्हणून आधी वायर, मग बाकीचं.

4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली. दुसऱ्या संध्याकाळी मीटरपाशी तेच 208, पण मशीनवर 204 व्होल्ट, 7.7 अँपिअर. म्हणजे 1570 वॅट. उरलेली कमतरता बाहेरच्या पुरवठ्याची. त्यासाठी रोजचे रीडिंग तारीख-वेळेसह लिहून वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला. "लाईट कमी येते" असं तोंडी सांगण्यापेक्षा कागदावरच्या आकड्याला वजन असतं. तोवर मोठ्या ऑर्डर दिवसा, आणि संध्याकाळी मशीनचा वेग कमी.

तुम्ही काय कराल?

1. मशीन घेण्याआधी पाटीचा फोटो मागवा. वॅटला 230 ने भागा आणि तेवढे अँपिअर तुमची वायर, स्विच आणि मंजूर भार पेलतील का, ते वायरमनला विचारा.
2. व्होल्ट मशीन चालू असताना मोजा, तेही संध्याकाळी. बंद मशीनवर सगळं छान दिसतं.
3. 2000 वॅट एक तास म्हणजे 2 युनिट. हीटर मध्येमध्ये बंद होतो, तरी पूर्ण धरून चला. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि शेकडा ताटांच्या भावात हा खर्च धरा.
4. वीज मोजण्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गणित मात्र स्वतः करा.

तो आचारी अजून माझ्याकडूनच माल नेतो. पण गाडीत भरण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यातलं एक ताट वाकवून बघतो. बघू दे, त्याचा हक्क आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर आपल्या मशीनची पाटी पुसून वाचा!