चिपची लिपी

कलाशाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी वसतिगृहाच्या फाटकावर कार्ड टेकवून आत जाण्याची सोय झाली, आणि पहिल्याच आठवड्यात एका मित्राने विचारले, "याची नक्कल होते का रे?" उत्तर शोधताना जे हाती लागले ते सांगतो.

मायफेअर क्लासिक नावाची चिप लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि हॉलंडच्या प्रवासी कार्डात वापरली गेली. तिच्यातील सांकेतिक पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. कार्स्टन नोल, हेन्रिक प्लोट्झ आणि 'स्टारबग' हे टोपणनाव घेतलेला तिसरा, अशा तिघांनी कार्डाचे प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले, चिप घासून एकेक थर उतरवला आणि प्रत्येक थराची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली. पुढचे काम मोडी वाचणाऱ्याला ओळखीचे वाटावे. चिपमध्ये 'गेट' म्हणजे तर्काचे बारीक घटक सुमारे १०,०००. पण त्यांचे प्रकार अवघे ७० च्या आसपास. ही अक्षरे एकदा ओळखली की संगणक ती चित्रभर हुडकतो. मग कोणती तार कुठे जाते हे पाहत गेले की वाक्य लागते! डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनला त्यांनी हे जाहीर केले.

लागलेले वाक्य मात्र लाजिरवाणे होते. किल्ली अवघी ४८ बिटांची. दर व्यवहाराला नवा, बेभरवशाचा आकडा यावा, तर तो १६ बिटांचा, म्हणजे शक्यता ६५,५३६. शिवाय कार्डाला वीज मिळून किती वेळ झाला यावर तो ठरे. वेळ नेमकी साधली की तोच आकडा पुन्हा हजर! सॉफ्टवेअरमधली चूक घरबसल्या दुरुस्त होते. सिलिकॉनमध्ये कोरलेली चूक काढायची तर कार्डेच बदलावी लागतात.

नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी सविस्तर निबंध लिहिला, तेव्हा चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने प्रसिद्धी रोखण्यास नकार दिला. नुकसान होईल ते सदोष चिपमुळे, निबंधामुळे नव्हे, हे त्याचे म्हणणे मला तरी पटते.

यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली, हे १८८३ सालीच ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लिहून ठेवले होते. गृहस्थ जन्माने डच, आणि पॅरिसात शिकवीत काय, तर जर्मन भाषा! तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

असो. आमच्या कार्डात कोणती चिप आहे, असे मी कार्यालयात जाऊन विचारले. "ते गुप्त असतं," असे उत्तर मिळाले.