दागिन्यांचा मळ आणि दागिन्यांचे सोने

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न निघाले की कपाटातला दागिन्यांचा डबा बाहेर येतो. बोरमाळ निस्तेज दिसते, मंगळसूत्राच्या वाट्यांत हळद-कुंकू बसलेले असते, पैंजण तर काळेठिक्कर पडलेले असतात. नेमका अशा वेळी एखादा अनोळखी माणूस दारात येतो. ‘ताई, दागिन्यांना पॉलिश करून देतो,’ म्हणतो. आधी पितळेचे भांडे लखलखीत करून दाखवतो आणि मग बांगड्या मागतो. त्या द्यायच्या की नाही, हे ठरवण्याआधी मळ म्हणजे काय ते समजून घेऊ या.

सोने हवेने किंवा पाण्याने गंजत नाही. बावीस कॅरटच्या दागिन्यात हजार भागांपैकी सुमारे ९१६ भाग सोने असते. बाकीचे तांबे, चांदी असे धातू. दागिना मळतो तो घाम, तेल, साबणाचा थर आणि धूळ यांमुळे. हा मळ वरवरचा असतो. म्हणून सोने उजळायला औषध लागत नाही, धुणे पुरते.

रिठे कोमट पाण्यात भिजवून कुस्करा. त्या फेसात दागिना दहा-पंधरा मिनिटे ठेवा, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि सुती कपड्यावर पूर्ण वाळवा. हे सारे परातीत करा, मोरीवर नको. एखादी फिरकी वाहून गेली तर सापडायची नाही. राख किंवा दातांची पेस्ट वापरू नका, त्याने ओरखडे पडतात.

बोरमाळ किंवा कोल्हापुरी साज असेल, तर मण्यांच्या आत बहुधा लाख भरलेली असते. गरम पाण्याने लाख मऊ होते. तिथे ओलसर फडकेच बरे. नथीचे मोतीही पाण्यात बुडवू नका. मोती चुन्याच्याच जातीचा. लिंबू-चिंचेच्या आंबटाने तो झिजतो. ओलसर कपड्याने पुसला की झाले.

आता त्या पॉलिशवाल्याकडे वळू. विटा, आटपाडी आणि साताऱ्याकडील माण-खटाव या दुष्काळी भागांतली कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. त्यातली एक जुनी रीत अशी: अशुद्ध सोन्यात आधी चांदी मिसळतात आणि मग ते नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी, तांबे विरघळते आणि सोने तळाशी उरते. पण एक भाग तीव्र नायट्रिक आम्लात तीन भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले की होते आम्लराज. त्यात सोनेसुद्धा विरघळते! गलाईवाला ही विद्या मालकाच्या संमतीने वापरतो. दारावरचा भामटा तीच चोरून वापरतो. बांगडी झळकत बाहेर येते, पण तिचे थोडे सोने वाटीतल्या पाण्यात उतरलेले असते. ते पाणी घेऊन तो निघून जातो आणि त्यातले सोने नंतर वेगळे काढतो.

चार बांगड्यांतून ग्रॅम-दोन ग्रॅम सोने गेले तर डोळ्यांना दिसत नाही. ते तराजूलाच कळते. म्हणून प्रत्येक दागिन्याचे वजन ओळखीच्या सराफाकडून करून वहीत लिहून ठेवा. पॉलिश करायचेच असेल तर दुकानात, आपल्यासमोर, आधी आणि नंतर वजन करूनच करा.

चांदीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावरचा काळेपणा नुसता मळ नसतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन तो थर बनतो. घासून काढला तर त्याबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजी अॅल्युमिनियमचे, म्हणजे आपण ज्याला ‘जर्मन’चे म्हणतो ते, जुने पातेले घ्या. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा आणि थोडे मीठ टाका. पैंजण पातेल्याच्या तळाला टेकतील असे ठेवा. गंधक चांदीला सोडते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. किंचित कुबट वास येईल, पातेलेही काळवंडेल, घाबरू नका. मात्र खडे, मीना किंवा मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर हा उपाय करू नका.

शिक्षक बंधुभगिनींनी काळे पडलेले एखादे जोडवे घेऊन हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. आम्लराजाची माहितीही त्याच तासाला सांगावी. दुपारी मोठी माणसे शेतावर असतात आणि पॉलिशवाल्याला दार उघडणारे बहुधा पोरच असते. त्याला एवढे ठाऊक असले की ते सांगेल, ‘आमच्याकडं रिठं आहेत, तुम्ही या आता.’