अस्वल, कचरापेटी आणि स्टेप इनपुट

योगी बेअर आठवतो? टोपी-टाय घातलेला, जेलीस्टोन पार्कात टूरिस्ट लोकांच्या पिकनिक बास्केट पळवणारा आणि रेंजरला सळो की पळो करून सोडणारा! ते जेलीस्टोन म्हणजे अमेरिकेतलं यलोस्टोन नॅशनल पार्क. १८७२ साली स्थापन झालेलं, जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचं. आणि बास्केटची भानगडही कार्टूनवाल्यांनी अगदीच हवेतून काढलेली नाही. तिथली अस्वलं खरोखरच कित्येक पिढ्या माणसांच्या उष्ट्या-खरकट्यावर पोसली गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनीअरिंगच्या मासिकात हा प्राणीसंग्रहालय कशाला? सांगते. या सेमला कंट्रोल सिस्टिम्समध्ये स्टेप इनपुट शिकलो. सिस्टिमला एकदम धक्का दिला की बऱ्याचदा ती नव्या जागी शांतपणे जाऊन बसत नाही, आधी भरपूर हेलकावे खाते. यलोस्टोनमध्ये हाच प्रयोग जिवंत ग्रिझलींवर झाला. (शिवाय शाळेत मराठी फक्त तिसरी भाषा असलेल्या मुलीने मराठी विभागात लिहायचं, तर विषय तरी आवडीचा हवा.)

आधी ग्रिझलीचं गणित बघू. त्याचं वर्ष म्हणजे सात महिने खाणं आणि पाच महिने झोपणं. हिवाळ्याआधी त्याला अशी भूक लागते की दिवसाला वीस हजार कॅलरीजपर्यंत पोटात जातात. मग गुहेत गेल्यावर खाणं नाही, पिणं नाही, शी-शू नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला ८ ते १९ वर येतात. लघवीतून जायचा तो नायट्रोजन शरीर पुन्हा वापरून प्रोटीन बनवतं, त्यामुळे वसंतात बाहेर येतं तेव्हा चरबी संपलेली असते पण स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतात. आपल्या कुठल्याही रिसायकलिंग प्लँटला लाज वाटावी असा प्रकार!

याहून भारी गोष्ट मादीची. मीलन होतं उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पण फलित झालेला गर्भ गर्भाशयात रुजत नाही, नुसता थांबून राहतो. नोव्हेंबरच्या सुमारास अंगावर पुरेशी चरबी असेल तरच तो रुजतो, नाहीतर त्या वर्षी पिल्लं नाहीत. म्हणजे अन्नाचा हिशोब लागल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही. रुजलाच तर गुहेतच, ऐन हिवाळ्यात, अर्ध्या किलोची पिल्लं जन्मतात आणि पुढे दोन-तीन वर्षं आईच्या मागे फिरून खाणं कुठे मिळतं ते शिकतात. मादीला पहिली पिल्लं होतात पाच-सहा वर्षांची झाल्यावर, आणि नंतर साधारण तीन वर्षांतून एकदा. त्यामुळे एक मोठी मादी मेली की तिची भरपाई व्हायला खूप वर्षं जातात. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा : पिल्लू आईकडून शिकतं, आणि संख्या फार हळू वाढते.

आता कचऱ्याकडे येऊ. यलोस्टोनमधली हॉटेलं आपलं खरकटं उघड्या खड्ड्यांत टाकायची आणि अस्वलं तिथे जमायची. १९३० च्या दशकात ऑटर क्रीकला तर प्रेक्षकांसाठी बाकांच्या रांगा बांधल्या होत्या. संध्याकाळी रेंजरचं भाषण आणि समोर ग्रिझलींची पंगत! रस्त्याच्या कडेला काळी अस्वलं गाड्यांच्या काचेशी हात पसरायची आणि लोक सँडविच द्यायचे. परिणाम? १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी माणसांना जखमी करण्याच्या घटना वर्षाला सरासरी ४८, त्यातल्या बहुतेक या काळ्या अस्वलांच्या. आणि प्रत्येक वेळी शिक्षा कोणाला? अस्वलालाच.

मग ऑगस्ट १९६७ मध्ये, शेजारच्या मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात, एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन ठिकाणी एकोणीस-एकोणीस वर्षांच्या दोन मुलींना मारलं. दोन्हीकडच्या अस्वलांना माणसांच्या अन्नाची चटक लागलेली होती. त्यानंतर यलोस्टोनमधले खड्डे बंद करायचे यावर वाद उरला नाही. वाद होता तो किती वेगाने यावर.

एका बाजूला फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ. १९५९ पासून ते इथल्या ग्रिझलींचा अभ्यास करत होते आणि १९६१ साली त्यांनी एका ग्रिझली मादीच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती. (तेव्हाचे ट्रान्झिस्टर आणि बॅटऱ्या आठवा, मग त्याचं महत्त्व कळेल.) त्यांचं म्हणणं, खड्डे हळूहळू बंद करा, अस्वलांना रानातलं खाणं शोधायला वेळ द्या, नाहीतर ती थेट कँपग्राउंडवर येतील. पार्कचं म्हणणं, हळूहळू केलं तर मधल्या काळात जन्मलेली पिल्लंही आईबरोबर कचराच शिकतील, त्यापेक्षा एकदम तोडा. शेवटी पार्कचं चाललं. १९७० पर्यंत मोठे खड्डे बंद झाले.

झालं ते क्रेगहेड बंधूंनी सांगितलं तसंच. खड्डा बंद झाला तरी अस्वलाच्या डोक्यातला नकाशा कसा पुसणार? ती तंबूंपाशी आली, पार्कबाहेरच्या गावांत गेली आणि मारली गेली. क्रेगहेड बंधूंचं पार्कमधलं काम १९७१ मध्ये थांबलं. १९७५ साली ग्रिझलीला धोक्यातल्या जातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळालं, तेव्हा यलोस्टोन परिसरात १३६ च्या आसपास उरली असावीत असा अंदाज आहे.

माझं मत विचाराल तर दिशा पार्कची बरोबर होती, वेग क्रेगहेडांचा. पण पार्कचा मुद्दाही अगदी उडवून लावता येत नाही, कारण पुढच्या पिढ्या कचरा न शिकताच वाढल्या. दुसरं यलोस्टोन नाही, त्यामुळे दुसरं रीडिंग घेता येत नाही. आणि इथे हेलकावा म्हणजे ग्राफवरची रेघ नव्हती, मेलेल्या माद्या होत्या.

पुढचं काम मात्र खास आपलं, म्हणजे डिझाइनचं. अस्वलाला उघडणार नाही पण लहान मूल आणि आजीबाईंना उघडेल अशी कचरापेटी बनवा! साधं उत्तर असं : कडी एका खोबणीत लपवलेली. माणसाचा हात आत जाऊन बोटांनी दाबू शकतो, अस्वलाचा जाडजूड पंजा आत जात नाही. पेट्या आणि डब्यांची टेस्टिंगही झकास. वेस्ट यलोस्टोन गावातल्या एका केंद्रात रानात राहू न शकणारी अस्वलं ठेवली आहेत. त्यातली काही माणसांच्या अन्नाच्या नादाने 'बिघडलेली'. आत खाऊ भरलेला डबा त्यांच्यापुढे टाकतात. चावणं, ओरबाडणं, वर उड्या मारणं असं मोजून साठ मिनिटं टिकला तर पास. अशा टेस्ट इंजिनीअरसमोर आपली व्हायव्हा काहीच नाही!

बाकी नियम माणसांसाठी. अस्वलापासून निदान ९१ मीटर दूर राहा, अन्न उघडं ठेवू नका, काही भाग ठराविक महिन्यांत बंद. जवळ बेअर स्प्रे ठेवा. त्यात आपल्या लाल तिखटातलंच कॅप्सेसिन असतं आणि ते अस्वलाच्या तोंडावर मारायचं असतं, ओडोमॉससारखं स्वतःच्या अंगाला नव्हे. (असे महाभाग निघाले आहेत.) आता पार्कात अस्वलाकडून जखमी होण्याची घटना वर्षाला सरासरी एखादीच, तीही पर्यटक लाखोंनी वाढलेले असताना.

अस्वलांचंही बरं चाललंय. यलोस्टोनच्या मोठ्या परिसरात आज अंदाजे हजार ग्रिझली आहेत. म्हणून २००७ मध्ये सरकारने संरक्षण काढलं, २००९ मध्ये कोर्टाने परत दिलं. कारण व्हाइटबार्क पाइन या झाडाच्या तेलकट बिया. खारी त्यांचा साठा करतात, अस्वलं तो लुटतात. बिया भरपूर असल्या की ती उंच डोंगरात, माणसांपासून लांब राहतात. कीड आणि रोगाने ही झाडं मरू लागली, तर अस्वलांचं काय, हा प्रश्न होता. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ती मांसाकडे आणि इतर खाण्याकडे वळतात. त्यांच्या मेनूत एकूण २६६ जाती नोंदलेल्या आहेत, त्यात डोंगरमाथ्यावरचे पतंगसुद्धा! २०१७ मध्ये संरक्षण पुन्हा काढलं, २०१८ मध्ये कोर्टाने पुन्हा दिलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी खात्याने ते चालूच ठेवायचं ठरवलं.

एक अडचण उरतेच. इथली अस्वलं बाकीच्या ग्रिझलींपासून तुटलेली आहेत, बाहेरचं रक्त येत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तर मोंटानातून दोन अस्वलं, एक नर आणि एक मादी, इथे आणून सोडली. ती आपल्या पायांनीही येऊ शकतात, पण मधल्या खोऱ्यांत हायवे, रँच आणि घरं आहेत, आणि घरांच्या मागे कचरापेट्या आणि कोंबड्यांची खुराडी. म्हणून तिथल्या कित्येक लोकांनी आता खुराड्यांभोवती विजेच्या तारांचं कुंपण घातलं आहे.